लाडू, करंजी आणि त्यांची मोरी

दिवाळी अंकात काहीतरी मंगल लिहावे असा संकेत आहे. वर्षभर या सदरात मी ठिबकणारा नळ, कुरकुरणारे दार, मुंग्या लागलेला साखरेचा डबा अशा घरगुती गोष्टींविषयी लिहीत असतो आणि वाचक ते गोड मानून घेतात. पण दिवाळीला तरी या गृहस्थाने जरा बरा विषय काढावा, अशी त्यांची अपेक्षा असणारच. ती मी यंदा पुरी करू शकत नाही. यंदा मी लेंड्यांविषयी लिहिणार आहे. फराळाची बशी हातात असेल तर ती आधी रिकामी करावी आणि मगच पुढे वाचावे.

लेंड्या शेळीच्या नव्हेत, गिनीपिगाच्या. ज्यांनी हा प्राणी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वीतभर लांब, किलोभर वजनाचा, आखूड पायांचा आणि शेपूट अजिबात नसलेला असा हा जीव दिसायला उंदीर आणि ससा यांच्या मधला आहे. नावात 'पिग' असले तरी डुकराशी त्याचे काही नाते नाही, आणि गिनी देशाशीही नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या प्रदेशात, पेरू-बोलिव्हियाच्या बाजूला, काही हजार वर्षांपूर्वी तो माणसाच्या घरी आला. तिकडे त्याला 'कुई' म्हणतात. तो खाण्यासाठी पाळतात, आणि खेड्यांतल्या घरांतून तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळा हिंडत असतो. लेंड्या झाडून गोळा करायच्या आणि शेतात खत म्हणून टाकायच्या, इतका सरळ व्यवहार. त्यामुळे त्याच्यासाठी पेटी कोणती घ्यावी आणि ती कुठे ठेवावी, हा प्रश्न तिकडे उद्भवतच नाही. तो उद्भवतो आपल्याकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे फरशी रोज पुसली जाते आणि शेत कुठेच नसते.

आमच्या घरी असे दोन प्राणी आले त्याला या दिवाळीत दोन वर्षे होतील. नातवाला कुत्रा हवा होता, सूनबाईला काहीच नको होते, आणि तडजोड म्हणून गिनीपिग आले. दोन आणावे लागले, कारण हा प्राणी एकटा राहिला की खंगतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या कायद्याप्रमाणे एकटा गिनीपिग पाळायला मनाई आहे. घरात त्या वेळी फराळाची गडबड होती, म्हणून नातवाने त्यांची नावे लाडू आणि करंजी अशी ठेवली. दोन्ही माद्याच आहेत. लाडू हे नाव पुल्लिंगी पडते अशी शंका मी काढली, पण त्या गुटगुटीत प्राण्याकडे एकदा पाहिल्यावर मीच ती मागे घेतली.

दुकानदाराने पिंजऱ्याबरोबर एक तिकोनी प्लास्टिकचा ट्रे दिला, मांजरांसाठी मिळते तसली मातीची पिशवी दिली, आणि सांगितले, "कोपऱ्यात ठेवून द्या. मांजरासारखी आठवड्यात शिकतात." पुढे पुष्कळ दिवस मी या वाक्याच्या सत्यतेची वाट पाहिली.

पहिली गोष्ट म्हणजे तो ट्रे. त्यात लाडूचे पुढचे अर्धे अंग मावत असे. म्हणजे ती मोठ्या आज्ञाधारकपणे ट्रेमध्ये शिरून बसायची आणि मागची बाजू बाहेर असल्यामुळे जे व्हायचे ते फरशीवर व्हायचे. दोष तिचा नव्हता. प्राणी वीतभर लांब आणि ट्रे टीचभर! माझा अनुभव असा की गिनीपिगाची पेटी निदान दीड वीत रुंद आणि दोन वीत लांब, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर बाय ४५ सेंटिमीटर असावी. त्यात दोघी शेजारी शेजारी बसू शकल्या पाहिजेत आणि एकीला मागे न सरकता वळता आले पाहिजे. दुकानात अशी पेटी मिळेलच असे नाही. भांड्यांच्या दुकानातला साधा प्लास्टिकचा पसरट टब त्याहून बरा आणि स्वस्तही.

मात्र टबाचा काठ सगळीकडून सारखा उंच ठेवू नये. गिनीपिग हा काही उड्या मारणारा प्राणी नाही. तीन बाजू वीतभराच्या आत-बाहेर असू द्याव्यात, म्हणजे गवत आणि ओल बाहेर सांडत नाही. चौथी बाजू कापून तीन-चार बोटे एवढीच ठेवावी आणि कापलेला काठ कानशीने घासून गुळगुळीत करावा. म्हातारा किंवा गाभण प्राणी असेल तर आणखी खाली आणावा. लाकडी खोके दिसायला छान दिसते, पण ते मूत्र पिते आणि महिन्याभरात त्याचा वास घराचा वास होऊन बसतो. स्टीलच्या परातीला वास धरत नाही, पण ती घसरडी असते. तळाला जाळी असलेली पेटी मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. जाळीत पाय अडकतात आणि तळव्यांना जखमा होतात. त्या चिघळल्या की बऱ्या होता होत नाहीत.

दुसरी गोष्ट ती माती. मांजराच्या पेटीतली माती ओल लागली की घट्ट गोळा होते, हाच तिचा गुण. पण मांजर माती खात नाही आणि गिनीपिग समोर येईल ते चावून पाहतो. तोच गोळा पोटात झाला तर आतडी तुंबायची. शिवाय तिची धूळ नाकात जाते. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या सुताराने मोठ्या प्रेमाने भुश्याचे पोते देऊ केले होते, तेही मला परत करावे लागले. भुश्याच्या बारीक धुळीने या प्राण्यांना शिंका येऊ लागतात, त्यात प्लायवूडचा डिंकही असतो, आणि देवदार किंवा पाईन यांचा सुवासिक भुसा तर त्यांच्या फुप्फुसांना आणि यकृताला बाधतो.

मग घालावे काय? तर तळाला वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्या, त्यावर साध्या कागदाच्या पट्ट्या किंवा बाजारात मिळणाऱ्या दाबलेल्या कागदाच्या गोळ्या, आणि सगळ्यांच्या वर कोरड्या गवताचा चांगला जाड थर. गुळगुळीत रंगीत कागद मूत्र शोषत नाही. तेव्हा दिवाळी अंक वाचून झाल्यावर त्यांचा असा काही उपयोग करण्याचा कोणाचा विचार असेल, तर निदान मुखपृष्ठ वगळावे.

आता महत्त्वाचा मुद्दा, पेटी कुठे ठेवावी. आम्ही काय केले? पाहुण्यांना दिसू नये, केर काढताना आड येऊ नये, टीपॉयच्या जवळ असू नये, असे सगळे आमच्या सोयीचे विचार करून एक कोपरा नक्की केला आणि पेटी तिथे मांडली. लाडू-करंजीने त्या कोपऱ्याकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांचा कोपरा भिंतीकडचा, अर्धवट अंधाराचा. आम्ही त्यांना उचलून पेटीत ठेवायचो आणि त्या उतरून आपल्या कोपऱ्यात जायच्या. नातू एकदा रागावून ओरडला तर दोघी दिवसभर घरट्याबाहेर आल्या नाहीत. कोणत्या अपराधाबद्दल रागावले हे त्यांना कळत नाही, फक्त आपण भयंकर आहोत एवढे कळते.

शेवटी मी हार मानली आणि पेटी उचलून त्यांच्या कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न मिटला! पेटी जनावराने जिथे जायचे ठरवले आहे तिथे ठेवायची. आपण कोपरा निवडायचा नाही, तीन-चार दिवस नुसते पाहायचे आणि त्यांनी निवडलेला कोपरा मान्य करायचा. नव्या पेटीत जुने ओले गवत मूठभर टाकावे, म्हणजे वासावरून त्यांना खूण पटते. आणि पेटीच्या वर, तोंड पोचेल अशा बेताने, ताज्या गवताची जाळीची टोपली अडकवावी. हा प्राणी जेवता जेवताच हे दुसरे काम करत असतो. आपल्याला ते कसेसेच वाटते, पण त्याला तेच सोयीचे पडते. पाण्याची बाटली मात्र दुसऱ्या टोकाला हवी, नाहीतर ठिबकणाऱ्या पाण्याने पेटीचा चिखल होतो. ऊन, खिडकीतला झोत आणि दूरचित्रवाणीचा आवाज यांपासूनही पेटी लांब असावी.

एवढे सगळे करून काय मिळते? मूत्र बहुतेक पेटीत. लेंड्या बऱ्याचशा पेटीत आणि उरलेल्या जगभर. मांजरासारखे किंवा सशासारखे हे शिकत नाहीत. दिवसाकाठी एक प्राणी शंभराहून अधिक लेंड्या टाकतो, त्या सगळ्या एका जागी पडाव्यात ही अपेक्षाच चुकीची. एवढे समजून घेतले की मन शांत राहते.

आमच्या घरी या पेटीला सगळे 'मोरी' म्हणू लागले. सकाळी चहाच्या आधी मोरी साफ करणे हे काम, अर्थातच, प्राणी आणण्याचा हट्ट धरणाऱ्याचे होते. तसे त्याने तोंडी आणि लेखी कबूल केले होते. पहिला महिना त्याने केलेही. मग चाचणी परीक्षा आली, मग सहल आली, आणि हळूहळू ते काम घरातल्या निवृत्त माणसाकडे आले, जसे ते येतेच. माझी तक्रार नाही. पण आमच्याकडे केरवारे करायला येणाऱ्या मावशी माझ्याआधी येत, आणि पुष्कळदा त्याच मोरी झाडून मोकळ्या होत.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट.

वसुबारसेच्या दिवशी घराची साफसफाई निघाली. सूनबाई म्हणाली, "आबा, भाऊबीजेला सगळी मंडळी आपल्याकडे आहेत. तेवढे चार दिवस ह्यांना गॅलरीत हलवू या का? हॉलमध्ये थोडा वास येतो." वास येत होता हे खरे. मी काही बोललो नाही. शिवाय मुलाने दिवाळीनिमित्त एक नवी, देखणी पेटी आणली होती. वरून झाकण, समोर एकच गोल दार, आत गवत ठेवायची सोय. बाहेरून कोणाला कळूही नये की आत काय चालते. जुना टब मी फिनेल घालून खसखसून धुतला आणि माळ्यावर टाकला. पिंजरा गॅलरीत धुण्याच्या यंत्राशेजारी गेला. हॉल मोकळा झाला, रांगोळीला जागा झाली, सगळी मंडळी खूष झाली.

धनत्रयोदशीच्या दिवशी मी झाकण उचलून पाहिले. आत थोड्याशाच लेंड्या होत्या. गॅलरीच्या फरशीवर तर जवळजवळ नव्हत्याच. "काय स्वच्छ राहतात नाही नव्या पेटीत!" असे मीच मोठ्याने म्हणालो, आणि सूनबाईने मुलाच्या निवडीचे कौतुक केले. हे वाक्य मला अजून टोचते.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नाने झाली, फटाके झाले, फराळ झाला. सणाचा दिवस असूनही मावशी आल्या होत्या. गॅलरी झाडताना त्यांनी मला हाक मारली.

"आबा, जरा इकडे या. दोघींच्या मिळून या एवढ्याच?"

"नव्या पेटीमुळे कमी पसारा होतो, मावशी."

"पसारा कमी होईल, पण लेंड्या कुठं जातील? रोज सुपडी भरती. काल निम्मी होती, आज ही बघा." त्यांनी सुपडी पुढे केली. "आणि ह्या निम्म्या बारीक हायेत, वाळल्यासारख्या. आमच्या गावाकडं शेळी अशी करायला लागली की आई म्हणायची, हिनं खाणं सोडलंय. तुमच्यातली एक खात नाही."

मी झाकण उचलले. लाडू दारातच ठाण मांडून बसली होती आणि आतले गवत चघळत होती. करंजी बाहेर, धुण्याच्या यंत्राच्या बाजूच्या कोपऱ्यात, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली होती. तिच्यापुढे कोथिंबिरीची काडी धरली. एरवी कोथिंबिरीच्या नुसत्या वासाने शिट्ट्यांनी घर डोक्यावर घेणारी ती करंजी, काडीकडे पाहायलाही तयार नव्हती.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिला ठेवले. आठवड्यापूर्वीच्या वजनाहून सत्तर ग्रॅम कमी. किलोभराच्या जिवाला सत्तर ग्रॅम म्हणजे आपल्यासारख्याला चार-पाच किलो.

सणाच्या दिवशी जनावरांचा डॉक्टर मिळवणे किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको. त्यातून कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ, पण गिनीपिगाला हात लावणारे थोडे. पाच-सहा ठिकाणी दूरध्वनी केल्यावर एक भले गृहस्थ भेटले. आत्ता घेऊन या म्हणाले. त्यांनी करंजीचे पोट चाचपले, दात पाहिले आणि मला विचारले, "पेटी कधी बदललीत?"

मी सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "हा शिकार होणारा प्राणी आहे. आजार लपवणे हाच त्याचा बचाव. तो कण्हत नाही, लंगडत नाही. तुम्हाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. याचे आतडे सतत चालू राहावे लागते, कारण गवत हेच त्याचे इंधन. बारा-चौदा तास पोटात काही गेले नाही की आतडे थंडावते, वायू धरतो, दुखते, म्हणून तो आणखी खात नाही. उद्या सकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही करू शकलो असतो असे सांगता येत नाही."

आणि मग त्यांनी आमची चूक उलगडून दाखवली. दोघींत लाडू वरचढ. उघड्या टबात दोन बाजूंनी ये-जा होती, म्हणून तिची दादागिरी चालत नसे. नव्या पेटीला दार एकच, गवत आत, आणि दारात लाडू. करंजीला ना मोरी मिळाली, ना जेवण. त्यात ओळखीचा वास फिनेलने धुऊन गेला, जागा बदलली, शेजारी यंत्राचा खडखडाट, बाहेर फटाके. घाबरलेल्या जनावराची भूक आधी जाते. आम्ही घर साफ केले आणि तिच्या आयुष्यात जे काही ओळखीचे होते ते सगळे एका दुपारी पुसून टाकले.

वेदनेचे आणि आतडे चालू करण्याचे औषध त्यांनी दिले. माणसांच्या डब्यातले औषध देऊ नका, असे बजावून सांगितले, कारण पेनिसिलिनच्या जातीची औषधे या प्राण्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि त्यातच तो दगावतो. मग दर दोन-तीन तासांनी गवताच्या गोळ्या दळून, पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीने थोडे थोडे तोंडात घालायचे.

घरी आल्यावर मी पहिले काम केले ते माळ्यावरचा जुना टब काढण्याचे. पिंजरा हॉलमधल्या जुन्या कोपऱ्यात परत आला. सूनबाईनेच रांगोळी पुसून जागा करून दिली आणि मुलाने नवी पेटी न बोलता बाजूला ठेवली. रात्री दोन वाजता आणि पाच वाजता नातू माझ्याबरोबर उठला. करंजीला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरायचे काम त्याचे, पिचकारीचे माझे. कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला आम्ही तक्ता आखला होता: किती दिले, किती गिळले, लेंड्या किती. तिसऱ्या रकान्यात शून्याखाली शून्य पडत होते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, घरात पूजेची मांडणी चाललेली असताना, नातू ओरडत आला, "आबा, पाच! पाच आल्या!" बारीक होत्या, वेड्यावाकड्या होत्या, पण पाच होत्या. सगळे घर ताटे-तबके टाकून मोरीभोवती जमले. लक्ष्मी कोणत्या रूपाने घरात येईल हे सांगता येत नाही, असे माझी पत्नी म्हणाली. भाऊबीजेला करंजीने आपल्या हाताने, म्हणजे आपल्या तोंडाने, कोथिंबीर खाल्ली. पाहुण्यांना थोडा वास आला असेल, पण कोणी बोलले नाही.

तेव्हापासून माझे मोरीविषयीचे मत पार बदलले. घाण दृष्टीआड करण्याची सोय म्हणून मी पेटीकडे पाहत होतो, म्हणून झाकणाची पेटी मला आवडली. पण न बोलणाऱ्या जनावराचे रोजचे पत्र तिथेच येऊन पडते. ते झाकून ठेवणे म्हणजे पत्रपेटीला कुलूप लावणे. म्हणून पेटी उघडी हवी, दोन बाजूंनी जाण्यासारखी हवी, आणि माणसाची नजर सहज पडेल अशा जागी हवी. दोन प्राणी असतील तर दोन कोपऱ्यांत दोन पेट्या आणि दोन्हींवर गवत, म्हणजे एकीने अडवले तर दुसरीला वाट राहते, आणि कोणाचे कमी पडते आहे तेही लवकर कळते.

पत्र वाचायचे कसे, हेही शिकून घेतले. चांगली लेंडी शेंगदाण्याएवढी, लांबट, तपकिरी आणि एकसारख्या आकाराची असते. बारीक, वाळकी, टोकदार दिसली तर खाणे किंवा पाणी कमी पडते आहे. मऊ पडली तर ओला पाला जास्त झाला. मुळीच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर टाकू नये. मूत्र गढूळ असणे आणि वाळल्यावर थोडी पांढरी भुकटी दिसणे यात काही बिघडत नाही. पण भुकटी वाळूसारखी खरखरीत लागली, तांबूस डाग दिसला किंवा मूत्र करताना प्राणी चिरकला, तर खडा असू शकतो. आपल्याकडे लसूणघास सहज मिळतो आणि प्राणी तो आवडीने खातात, म्हणून पुष्कळ लोक रोज तोच घालतात. पण त्यात चुना फार. वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला तो चालतो, मोठ्यांना नव्हे. मोठ्यांना साधे वाळलेले गवत भरपूर, आणि हरळी मिळाली तर फारच उत्तम. एक गोष्ट पाहून मात्र घाबरू नये. गिनीपिग अधूनमधून मान वळवून स्वतःचीच एक मऊ लेंडी परत खातो. ती वेगळी असते, आणि पहिल्या फेरीत न मिळालेले जीवनसत्त्व तो दुसऱ्या फेरीत मिळवतो. गाय रवंथ करते तेव्हा आपण नाक मुरडत नाही.

सफाईचेही तंत्र आहे. ओला भाग रोज काढावा, सगळी पेटी दोन-तीन दिवसांनी बदलावी. फार दिवस ठेवली तर मूत्रातून अमोनिया सुटतो आणि तो या छोट्या नाकांना आपल्याआधी झोंबतो. तळाला बसलेला पांढरा थर पांढरे व्हिनेगर आणि पाणी घालून थोडा वेळ ठेवला की सुटतो. फिनेल नको. धुऊन, वाळवून, नव्या गवतात जुने कोरडे गवत मूठभर मिसळावे, म्हणजे घर साफ झाले तरी त्यांचे घर तेच राहते. आणि जागा बदलणे भागच असेल तर रोज हातभर, चार-आठ दिवसांत हलवावी. सणाच्या तोंडावर तर मुळीच हलवू नये. फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या लावून घ्याव्यात, पिंजऱ्याच्या एका बाजूला जाड चादर टाकावी, लपायला घरटे द्यावे, आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा मोरी पाहावी.

यंदाची साफसफाई या आठवड्यात झाली. सूनबाईने हॉलमधले सगळे सामान हलवले, एक कोपरा सोडून. रांगोळी यंदा दाराबाहेर काढायची ठरली आहे. नातू आता सकाळी माझ्याआधी उठतो, सुपडी घेऊन बसतो आणि मावशी आल्या की त्यांना आकडा सांगतो. मावशी मान डोलावल्याशिवाय तो शाळेला जात नाही.

राहता राहिला प्रश्न लेंड्यांचा. त्या आम्ही गॅलरीतल्या एका जुन्या बादलीत वाळक्या पानांबरोबर कुजवतो. तिसऱ्या मजल्यावर शेत नसले तरी सात कुंड्या आहेत, आणि त्यांतला झेंडू यंदा असा काही फुलला आहे की दाराच्या तोरणाला बाजारातून फूल आणावे लागणार नाही. शेजारच्या वहिनी परवा विचारत होत्या, "आबा, कुठले खत घालता हो?" मी म्हणालो, "फराळानंतर सांगतो."